प्राण्यांच्या वेळेवर

प्राणिसंग्रहालयाच्या वेळा माणसांच्या सोयीने ठरतात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा कुणी वेगळा विचार करत नाही. सकाळी फाटक उघडते, संध्याकाळी बंद होते, मधल्या वेळात शाळांच्या सहली येऊन जातात, आणि ज्यांना पाहायला ही सारी गर्दी आलेली असते त्यांच्यापैकी बरेचसे प्राणी नेमके त्याच वेळात झोपलेले असतात. तरस, साळिंदर, उदमांजर, खवले मांजर, बिबट्या यांचा खरा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. सस्तन प्राण्यांच्या बहुसंख्य जाती निशाचर आहेत. म्हणजे दुपारचे प्राणिसंग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाने कितीतरी प्राणी केवळ झोपेत पाहिलेले असतात, आणि "वाघ काय, नुसता पडून होता" अशी तक्रार करत तो घरी जातो. लहानपणी मीही तशीच तक्रार केलेली मला आठवते. त्यात वाघाची काहीच चूक नव्हती.

सिंगापूरच्या उत्तरेकडे मंदाई नावाच्या भागात, एका जलाशयाच्या काठच्या जंगलात, ही वेळ उलटी करणारे एक ठिकाण आहे. त्याचे नाव 'नाइट सफारी'. सुमारे ३५ हेक्टरांचे हे प्राणिसंग्रहालय १९९४ च्या मे महिन्यात सुरू झाले आणि केवळ रात्रीसाठी उभारलेले ते जगातले पहिले प्राणिसंग्रहालय मानले जाते. त्याचे फाटक संध्याकाळी सव्वासातला उघडते आणि मध्यरात्री बंद होते. शेजारीच १९७३ साली सुरू झालेले दिवसाचे प्राणिसंग्रहालय आहे. ते उभारण्यात ज्यांचा पुढाकार होता ते ओंग स्वी लॉ, आणि कोलंबोजवळच्या देहिवला प्राणिसंग्रहालयाचे संचालक राहिलेले लिन डी आल्विस, यांच्या विचारातून ही रात्रीची कल्पना पुढे आली. एका श्रीलंकेच्या माणसाला ती सुचावी याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याचे आयुष्य आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलात गेले, त्याला जंगलाचा खरा वावर केव्हा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

निशाचर प्राणी लोकांना जागे दिसावेत म्हणून त्याआधीही प्रयत्न झाले होते. युरोप-अमेरिकेत त्यासाठी बंदिस्त 'निशाचर गृहे' बांधली गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले असे दालन १९६९ चे. त्यांची पद्धत अशी, की रात्री आत प्रखर दिवे लावायचे, म्हणजे प्राण्यांना तो दिवस वाटतो. आणि दिवसा मंद लाल किंवा निळसर उजेड ठेवायचा, म्हणजे प्रेक्षकांच्या वेळेला प्राण्यांची रात्र होते. पद्धत हुशारीची आहे आणि वटवाघळासारख्या लहान प्राण्यांना ती चालूनही जाते. पण हत्ती, गेंडा, सिंह यांना अशा दालनात ठेवता येत नाही, आणि मुळात त्यात बदल प्राण्यालाच करावा लागतो. मंदाईत तो बदल माणसाकडे आला. प्राण्यांचे घड्याळ जसे आहे तसे राहू द्यायचे, आणि ज्याला त्यांना पाहायचे असेल त्याने त्यांच्या वेळेवर यायचे.

हे सिंगापुरात जमले त्यामागे भूगोलही आहे. हे बेट विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत आहे, त्यामुळे वर्षाचे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि पाठोपाठ अंधार पडतो. लंडनमध्ये जून महिन्यात सूर्य नऊनंतर मावळतो. तिथे असे प्राणिसंग्रहालय काढले तर लहान मुलांनी जायचे तरी केव्हा? मंदाईत मात्र जेवणाच्या वेळेलाच रात्र झालेली असते आणि साडेदहापर्यंत मुले घरी परतू शकतात.

मी तिथे गेले ती बाबांबरोबर. माझा मावसभाऊ सिंगापुरात नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही मुक्कामाला होतो. त्याला त्या दिवशी कामातून सुटका नव्हती, म्हणून त्याने आम्हाला अंग मो किओ इथून मंदाईला जाणाऱ्या बसचा क्रमांक लिहून दिला आणि "आधी पायवाटा करा, ट्राम नंतर" असे बजावून सांगितले. बाबांचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडेच्या गावात गेले. विजेचे दिवे गावात आले तेव्हा ते मोठ्या मुलांत गणले जात होते. रात्रीच्या प्राण्यांविषयी त्यांच्याकडे पुस्तकी नसलेले बरेच काही आहे, आणि त्या संध्याकाळी त्याचा मला फार उपयोग झाला.

फाटकाशी मशाली, खाण्याची दुकाने, रांगा आणि मोठ्याने वाजणारे संगीत असा बराच गलका आहे. तो नसता तर बरे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राण्यांचा एक रंगमंचीय कार्यक्रमही असतो. तो आम्ही पाहिला नाही. पायवाटेवर वळल्यानंतर पहिली दहा मिनिटे मला जवळजवळ काहीच दिसले नाही, आणि याला कारण तो गलक्यातला उजेडच होता. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे पाहणाऱ्या शंकुपेशींना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाशात काम करतात त्या दंडपेशी. त्यांतले प्रकाशसंवेदी रंगद्रव्य प्रखर उजेडात फिके पडते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते, त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात एकदा जरी कुणी मोबाइलचा दिवा डोळ्यांवर मारला तरी सगळे पहिल्यापासून. तिथे फ्लॅश लावून छायाचित्रे काढण्यास मनाई आहे ती मुख्यतः प्राण्यांसाठी, पण माणसांसाठीही तो नियम तितकाच मोलाचा आहे.

बाबा मात्र सरावलेले होते. "एकटक बघू नकोस, जरा बाजूला बघ," ते म्हणाले. शास्त्रही तेच सांगते: डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध दंडपेशी जवळपास नसतातच, म्हणून अंधारात एखाद्या वस्तूवर थेट नजर रोखली की ती नाहीशी होते आणि किंचित कडेला पाहिले की उमटते. ही गोष्ट मी कुठेतरी वाचलेली होती. बाबांना ती शेतावर राखणीला बसून कळलेली होती.

मग एकेक दिसू लागले. प्रकाशयोजना सायमन कॉर्डर यांची. त्यांना रंगभूमीच्या प्रकाशयोजनेचा अनुभव होता आणि तो इथे जाणवतो. दिवे उंच खांबांवर, झाडांच्या आड असे बसवले आहेत की उजेड कुठून येतो हे चटकन कळत नाही, आणि पानांतून झिरपून खाली येईपर्यंत त्याला चांदण्याचा गुण येतो. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या परवानगीने पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. ताडोबात, मेळघाटात, भीमाशंकरला अनेकांनी ती रात्र अनुभवलेली असते. मी भीमाशंकरच्या अभयारण्यात तशी बसलेली आहे. त्या रात्री पहाटेपर्यंत एक सांबराची मादी आणि काही ससे एवढेच पाणवठ्यावर आले होते, पण पानांवर पाऊल पडल्याचा आवाज आधी येतो आणि प्राणी नंतर दिसतो, हा क्रम तेव्हापासून अंगात भिनलेला आहे. मंदाईत तो क्रम पुन्हा भेटला. दिवसा आपण प्राणी शोधतो ते डोळ्यांनी. रात्री आधी कान वळतो, मग मान, आणि डोळ्यांची पाळी शेवटी येते. गंधही दिवसापेक्षा दाट वाटतात. बिंटुरोंग नावाच्या, उदमांजराच्या कुळातल्या झाडावरच्या प्राण्याला लोण्यात भाजलेल्या मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो, हे खोटे वाटावे असे आहे, पण तो येतो.

मासेमार मांजराच्या कुंपणापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो. बंगालच्या दलदलीत आणि ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या परिसरात हे आढळते. पश्चिम बंगालचा तो राज्यप्राणी आहे. घरच्या मांजरापेक्षा बरेच मोठे, आखूड पायांचे, ठिपक्यांचे हे मांजर पाण्याला भीत नाही, त्याच्या बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात. वाहत्या पाण्याच्या कडेला ते दगडावर बसून होते. त्याने एक पाय पाण्यावर धरला, टेकवला, मागे घेतला, पुन्हा धरला. बराच वेळ एवढेच चालले होते. माणसे येत होती, "काही करत नाही" म्हणून पुढे जात होती. मग ते डोक्यासकट पाण्यात गेले आणि बाहेर आले तेव्हा तोंडात मासा होता. तो मासा तिथे सोडलेला होता हे उघड आहे. पण त्या मांजराने धरलेला दम खरा होता, आणि त्यासाठी त्याला अंधाराची आणि न हलता पाण्याकडे लक्ष देण्याची जी मोकळीक लागते, ती दुपारच्या गर्दीत कुठून मिळाली असती?

टॅपिर मी चित्रांत पाहिलेला होता आणि त्याचा रंग मला नेहमी विचित्र वाटत आलेला होता. पुढचा भाग आणि पाय काळे, पाठीपासून ढुंगणापर्यंतचा भाग पांढराशुभ्र. जंगलात लपून राहायचे तर इतका ठळक रंग कशाला? त्याचे उत्तर रात्री तिथे उभे राहिल्यावर मिळाले. झाडीत तो काळा भाग अंधारात मिसळून जातो आणि पांढरा भाग चांदणे पडलेल्या खडकासारखा नुसता उरतो. प्राण्याची बाह्यरेषाच मोडते. अडीच-तीनशे किलोंचा तो प्राणी आमच्यापासून काही पावलांवर पाने ओरबाडत होता, आणि त्याने सोंडेसारखे नाक हलवले नसते तर तिथे प्राणी आहे असे मी म्हटले नसते. ज्या रंगाचा अर्थ फक्त रात्री लागतो, तो दिवसा पाहून समजावा ही अपेक्षाच करता येत नाही.

एका मोठ्या जाळीच्या दालनातून चालत जाता येते. तिथे तांबड्या रंगाच्या मोठ्या उडणाऱ्या खारी आहेत. त्या एका खोडावर वर चढतात, थांबतात, आणि पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून दुसऱ्या खोडाकडे तरंगत जातात. त्यांपैकी एक आमच्या डोक्यावरून गेली तेव्हा हवा हललेली कळली, आवाज काहीच झाला नाही. आपल्या सह्याद्रीतला शेकरू दिवसाचा प्राणी, त्यामुळे भीमाशंकरला गेलेल्या कुणालाही तो दिसतो आणि राज्यप्राणी म्हणून त्याचे नाव मुलांना पाठ असते. त्याच सह्याद्रीच्या रानात उडणारी खारही आहे, पण ती रात्रीची असल्याने फार थोड्यांनी पाहिलेली आहे. ज्याला आपण पाहत नाही त्याच्यासाठी आपण भांडतही नाही, ही गोष्ट मला तिथे फार बोचली.

ट्रामची फेरी मी थोडक्यात सांगते. ती चाळीस मिनिटांच्या आसपासची असते, हिमालयाच्या पायथ्यापासून आफ्रिकेपर्यंतच्या प्रदेशांवर बेतलेल्या विभागांतून जाते, आणि बहुतेक ठिकाणी मध्ये जाळी दिसत नाही. खंदक, पाण्याचे प्रवाह आणि दाट झाडी यांच्या आड अंतर राखलेले असते, रस्त्यावर आडवे लोखंडी गज बसवलेले असतात, त्यांवरून खुरांचे प्राणी ओलांडून जात नाहीत. भरल, थार, बारशिंगा, गेंडा, अस्वल असे आपल्या उपखंडातले कितीतरी प्राणी तिथे आहेत. तरस दिसले तेव्हा बाबा जागेवरच ताठ झाले. "मागचा भाग खाली बसलेला बघ. आमच्याकडे लोक म्हणायचे, तरस लंगडतं. ते लंगडत नाही, त्याची ठेवणच तशी," असे ते हळू आवाजात म्हणाले. गावात मेलेली जनावरे जिथे टाकत त्या माळावर ते लहानपणी तरसाच्या पावलांचे ठसे पाहायला जात. प्रत्यक्ष तरस त्यांनी गावी असताना एकदाही पाहिले नव्हते.

आशियाई सिंहांची जोडी एका उंचवट्यावर होती. हा सिंह एकेकाळी उत्तर आणि मध्य भारतात दूरवर पसरलेला होता. आज जंगलातला त्याचा एकमेव ठिकाणा म्हणजे गुजरातचे गीर आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश. २०२० मध्ये तिथे ६७४ सिंह मोजले गेले होते, २०२५ च्या गणनेत ते ८९१ झाले. ही वाढ आनंदाची आहे, पण सगळी जात एकाच प्रदेशात असली की एका साथीत ती धोक्यात येऊ शकते, ही भीती तिच्याबरोबरच वाढते. नर सिंह उठला, मान खाली घालून त्याने गर्जना सुरू केली, आणि ट्राममधली लहान मुलेही गप्प झाली. सिंह प्रामुख्याने रात्री आणि पहाटे गर्जना करतो, कारण तेव्हा हवा शांत असते आणि आवाज कित्येक किलोमीटर जातो. तो आवाज आधी आसनाच्या पत्र्यात जाणवतो, कानात नंतर येतो.

खवले मांजराविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याला पाहून मी परतले ती अस्वस्थ होऊन. मंदाईत आहे ते सुंदा खवले मांजर, आग्नेय आशियातले. कोकणात आणि सह्याद्रीत आढळते ते भारतीय खवले मांजर, त्याचे जवळचे नातेवाईक. दात नाहीत, जीभ लांब आणि चिकट, अन्न म्हणजे मुंग्या आणि वाळवी. आहाराच्या या हट्टामुळे त्याला बंदिवासात जगवणे फार अवघड असते, आणि जगातल्या फारच थोड्या प्राणिसंग्रहालयांत ते पाहायला मिळते. ते शेपटीने फांदीला विळखा घालून उतरत होते, प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होते. धोका वाटला की ते अंगाचा गोळा करून पडून राहते. वाघ-बिबट्यांपुढे हे संरक्षण पुरते. माणसापुढे पुरत नाही, कारण तो गोळा उचलून पोत्यात टाकणे सोपे असते. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांत असते तेच केराटिन, आणि औषधी गुण आहेत या समजुतीपोटी त्यांचा व्यापार चालतो. आठही जातींच्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यानंतर, एप्रिल २०१९ मध्ये, याच सिंगापूरच्या बंदरात नायजेरियातून व्हिएतनामकडे निघालेल्या मालात १२.९ टन खवले सापडले, आणि आठवडाभराच्या आत आणखी १२.७ टन. हजारो प्राणी एका आठवड्याच्या जप्तीत. एकाच बेटावर, एका टोकाला तो एकेक प्राणी वाळवी भरवून जगवला जातो आणि दुसऱ्या टोकाला त्याचे खवले कंटेनरांतून निघून जातात. आपल्याकडे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातल्या गावांमध्ये खवले मांजराच्या रक्षणासाठी काम केलेले आहे. ते काम किती कठीण असेल याची कल्पना मला त्या फांदीखाली उभी असताना आली: जो प्राणी गावकऱ्यांनाही क्वचित दिसतो, त्याच्यासाठी गावाला उभे करायचे आहे.

प्राणी बंदिवासात ठेवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मंदाईतही सुटत नाही. खंदक दिसत नसला तरी तो असतोच. तोच रस्ता, तीच ट्राम, तोच ध्वनिमुद्रित आवाज, आणि हे सारे त्या तरसाला रोज रात्री ऐकावे लागते. मात्र निशाचर प्राण्याला ठेवायचेच असेल तर त्याची रात्र त्याला द्यावी, हा किमान न्याय तिथे झालेला आहे, आणि इतर ठिकाणी तो झालेला मी पाहिलेला नाही.

मला अधिक विचार करायला लावला तो कुंपणाबाहेरच्या अंधाराने. पायवाटेवर एक पक्षी सतत, लाकडावर ठोकल्यासारखा आवाज करत होता. तो संग्रहालयातला नव्हता. तो मोठ्या शेपटीचा रातवा होता आणि आपल्या मर्जीने आलेला होता. मंदाईच्या भोवतालच्या राखीव जंगलात रानटी सुंदा खवले मांजरे आणि पिसोरी, म्हणजे हरणासारखे दिसणारे अगदी लहान प्राणी, अजून आहेत. मंदाई लेक रोडमुळे जंगलाचे दोन तुकडे झाले होते. ते जोडण्यासाठी २०१९ मध्ये रस्त्यावर झाडे लावलेला पूल बांधण्यात आला, आणि त्यावरून हे दोन्ही प्राणी गेल्याच्या नोंदी आहेत. दुसरीकडे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशात सिंगापूर हा सर्वाधिक प्रकाशप्रदूषण असलेला देश ठरला. तिथली सगळी लोकसंख्या इतक्या उजळ आकाशाखाली राहते, की डोळे अंधाराला पूर्णपणे सरावतच नाहीत. ज्या देशात रात्र उरलेली नाही, त्याने रात्रीसाठी ३५ हेक्टर राखून ठेवले, आणि लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. हे मला एकाच वेळी दुःखाचे आणि कौतुकाचे वाटते. दुःखाचे का, हे सांगायला नको. कौतुक अशासाठी, की अंधार हाही पाणी आणि झाडी यांच्यासारखाच अधिवासाचा भाग आहे, हे तिथे कुणीतरी मान्य करून त्याप्रमाणे दिवे मंद ठेवले.

परतल्यावर ही गोष्ट मी घरीच ठेवली नाही. आम्ही राहतो ती सोसायटी पुण्याच्या कडेला, एका टेकडीला लागून आहे. तिथेही रातवा आहे, घुबडे आहेत, साळिंदराची पिसे पावसाळ्यानंतर पायवाटेवर सापडतात. टेकडीकडच्या भिंतीवर काही काळापूर्वी मोठे प्रकाशझोत बसवलेले होते आणि ते रात्रभर थेट रानावर पडत. बाबांनी आणि मी समितीला एक अर्ज लिहिला, सभेत बाबा त्यावर बोलले. चोरीची भीती काहींनी मांडली, ती रास्त होती, म्हणून दिवे काढण्याऐवजी त्यांची तोंडे खाली वळवावीत आणि अकरानंतर टेकडीकडचे बंद ठेवावेत असे ठरले. दोन दिव्यांचे काम झाले आहे. फाटकाजवळचा तिसरा दिवा रखवालदाराच्या सोयीसाठी रात्रभर चालू राहणार आहे, आणि ते मला मान्य आहे.